टाकीवरचा माणूस मोबाइल बघत होता

आमच्या खान्देशात १९७२ म्हटलं की म्युनिक कुणालाच आठवत नाही. आठवतो तो दुष्काळ. खडी फोडायची कामं, सुकडी, ती लाल मिलो ज्वारी. टीव्ही तर नव्हताच. मुंबई दूरदर्शन सुरू झालं त्या वर्षी २ ऑक्टोबरला. त्याच्या महिनाभर आधी, ५ सप्टेंबरला पहाटे, म्युनिकच्या ऑलिंपिकमध्ये 'ब्लॅक सप्टेंबर' या पॅलेस्टिनी संघटनेचे आठ जण खेळाडूंच्या वसाहतीत शिरले. दोन इस्रायलींना त्यांनी तिथेच मारलं आणि नऊ जणांना ओलीस धरलं. पुढचा सगळा दिवस जगाने ते घरात बसून, घडत असताना पाहिलं. आमच्याकडे ती बातमी रेडिओवर आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पेपरात आली असेल, आणि दुष्काळाच्या बातम्यांखाली गेली असेल.

त्या दिवसावरचा टिम फेलबाउम यांचा 'सप्टेंबर ५' हा २०२४ सालचा सिनेमा मी मध्यंतरी भुसावळला एका मित्राकडे पाहिला. मित्र रेल्वेतून निवृत्त झालाय. भरीत आणि कळण्याची भाकरी खाऊन रात्री दहाला बसलो. सिनेमा जेमतेम दीड तासाचा, आणि जवळजवळ सगळा एकाच कोंदट, अंधाऱ्या खोलीत घडतो. ती खोली एबीसी या अमेरिकी वाहिनीच्या क्रीडा विभागाची कंट्रोल रूम. ही माणसं पोहणं आणि बॉक्सिंग दाखवायला आलेली. बंदुकीचा आवाज ऐकू येतो, आणि स्टुडिओतला अजस्र कॅमेरा ढकलत बाहेर नेऊन ते तो त्या इमारतीवर रोखतात. न्यूयॉर्कचा बातमी विभाग म्हणतो, हे आमच्याकडे द्या. क्रीडा विभागाचा प्रमुख रून आर्लेज देत नाही. इथपर्यंत मला त्यांचं कौतुकच वाटत होतं. धंद्यातला माणूस आहे मी, हातची बातमी दुसऱ्याला द्यायचं दुःख मला कळतं.

मग ती जागा येते. ट्रॅकसूट घातलेले, हातात बंदुका घेतलेले जर्मन पोलीस इमारतीच्या छतावर चढताना पडद्यावर दिसतात. कंट्रोल रूममध्ये सगळे श्वास रोखून बघतायत. आणि एकाला एकदम सुचतं: त्या खोल्यांमध्ये टीव्ही आहेत ना? म्हणजे आतले लोकही हेच बघत असणार. हे सिनेमावाल्यांनी रचलेलं नाही. पोलिसांचा तो बेत खरोखरच सोडून द्यावा लागला होता, कारण छतावरची हालचाल टीव्हीवर चालू होती.

मी मित्राला म्हणालो, "बंद कर जरा." त्याला वाटलं मला चहा हवाय. मला चहा नको होता. मला एक पाण्याची टाकी आठवली होती.

सहा-सात वर्षं झाली असतील. बोरी नदीच्या पट्ट्यातलं एक गाव. मी तेव्हा एका न्यूज पोर्टलसाठी तालुक्याच्या बातम्या करत होतो. विहिरीचं अनुदान अडकलं म्हणून एक शेतकरी सकाळी नऊ वाजता गावच्या पाण्याच्या टाकीवर चढून बसला. आपल्याकडे असल्या आंदोलनाला लगेच 'शोले स्टाइल' असं नाव मिळतं, तसं ते मिळालं. पोर्टलवाल्यांचा फोन आला, "लाइव्ह घे, तुटू देऊ नको." मी घेतलं. खाली गाव जमलेलं. एक म्हातारी सारखी ओरडत होती, "उतर ना भो, कसाले जीव दी ऱ्हायना?" फौजदारसाहेबांनी एका तरण्या शिपायाला मागच्या शिडीने वर पाठवलं. बूट काढून, अनवाणी, म्हणजे लोखंडावर आवाज नको. मी कॅमेरा त्याच्याकडे फिरवला. का नाही फिरवणार? दिवसातलं सगळ्यात चांगलं दृश्य होतं ते. शिपाई अर्ध्यावर पोहोचला, आणि टाकीवरचा माणूस एकदम उठून कठड्याबाहेर पाय टाकून उभा राहिला. "त्याले खाले घ्या!" त्याने मागे वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं. त्याच्या हातात मोबाइल होता. तो माझं लाइव्ह बघत होता.

त्याच वेळी माझ्या स्क्रीनवर खालून वर कॉमेंट सरकत होत्या. 'नाटक आहे.' 'मारतो का नाही उडी?' 'भाऊ जरा जवळून घ्या.' त्यातली एक त्याच्या साडूची होती. त्याची बायको माहेरी गेलेली, तिलाही नवऱ्याचा पाय कठड्याबाहेर असल्याचं याच लाइव्हवरून कळलं. दीडच्या सुमारास तो उतरला. कुणी मेलं नाही, म्हणून मी हे लिहू शकतोय. पोर्टलवाले खूश होते.

तेव्हापासून या प्रश्नावर माझं एक ठाम मत झालंय, आणि सिनेमा पाहिल्यावर ते पक्कं झालं. ओलीस धरलेले असोत, टाकीवरचा माणूस असो, पोलिसांची कारवाई चालू असो, कॅमेरा चालूच पाहिजे. तो बंद करा म्हणणाऱ्याच्या मी विरोधात आहे, मग तो फौजदार असो की मंत्री. पण घडत असलेलं त्याच क्षणी जगाला दाखवणं हे वेगळं काम आहे, आणि ते पत्रकाराचं काम नाही. नोंद करणं आणि सोडणं यांच्यामध्ये जो उशीर असतो, त्यात पत्रकारिता बसते. तो उशीर काढून टाकला की उरतो तो फक्त खांब आणि त्यावर टांगलेला कॅमेरा.

हा उशीर म्हणजे काय, हे माझ्या वयाच्या बातमीदाराला सांगावं लागत नाही. तालुक्याहून बातमीचं पाकीट आम्ही दुपारच्या एसटीत कंडक्टरच्या हाती द्यायचो. संध्याकाळी कुणीतरी ते स्टँडवरून उचलायचं, डेस्कवर कुणीतरी वाचायचं, फोन करून विचारायचं, मग डाक आवृत्तीचं पान सुटायचं. एकदा जीप अपघाताच्या बातमीत मी एका माणसाला मेलेला लिहिलं. पाकीट देऊन चहा पीत होतो, तर कळलं की तो धुळ्याच्या सिव्हिलला जिवंत आहे. मी तसाच पळत सुटलो आणि स्टँडच्या फाटकात गाडी थांबवून पाकीट परत घेतलं. कंडक्टरने शिव्या दिल्या. त्या शिव्यांइतकं स्वस्त प्रायश्चित्त मला नंतर कधी मिळालं नाही. लाइव्हचं पाकीट परत घेता येत नाही.

म्युनिकमध्ये दोन्ही गोष्टी एकाच दिवशी घडल्या, म्हणून तो दिवस मला महत्त्वाचा वाटतो. दिवसा दाखवल्यामुळे कारवाई फसली, आणि रात्री घाईने सांगितल्यामुळे खोटी बातमी गेली. ओलिसांना हेलिकॉप्टरने फ्युर्स्टेनफेल्डब्रुकच्या विमानतळावर नेलं. तिथे पोलिसांचे नेमबाज होते पाच, आणि हल्लेखोर निघाले आठ. गोळीबार चालू असतानाच बातमी पसरली की सगळे ओलीस सुटले. सिनेमात ही बातमी द्यायची की दुसरीकडून खात्री होईपर्यंत थांबायचं, यावर दोन सहकाऱ्यांत जी झटापट होते, ती मी कितीतरी डेस्कवर पाहिली आहे, शब्द मराठी असतात एवढंच. ती बातमी गेली. पश्चिम जर्मन सरकारच्या प्रवक्त्यानेही, कॉनराड आलर्स यांनी, कारवाई यशस्वी झाल्याचं टीव्हीवर सांगितलं. कितीतरी वेळाने, पहाटे, निवेदक जिम मॅके यांना सांगावं लागलं की सगळे गेले. अकरा इस्रायली आणि एक जर्मन पोलीस. ओलिसांपैकी डेव्हिड बर्जर हा मूळचा अमेरिकेतल्या ओहायोचा. मुलगा जिवंत आहे की नाही हे त्याच्या आईवडिलांना आपल्या तोंडून कळणार, हे त्या रात्री डोक्यात होतं, असं मॅके पुढे सांगत. माझ्या डोक्यात त्या टाकीखाली कुणाची बायको नव्हती. प्रेक्षकांचा आकडा होता.

आता आपल्याकडे या. २६ नोव्हेंबर २००८ला मुंबईत जे झालं, ते तीन दिवस आपणही पाहिलं. नरिमन हाउसवर हेलिकॉप्टरमधून कमांडो उतरताना आपण जळगाव, धुळ्याच्या घरांत बसून पाहिले, आणि हल्लेखोरांना फोनवरून सूचना देणारे त्यांचे पाकिस्तानातले म्होरकेही टीव्हीवर पाहत होते. कसाबच्या अपिलावर २९ ऑगस्ट २०१२ला निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांवर कडक ताशेरे ओढले. पण त्यात एक प्रामाणिक वाक्य होतं, ते सहसा कुणी सांगत नाही: या प्रक्षेपणामुळे सुरक्षा दलांतलं कुणी प्रत्यक्षात दगावलं किंवा जखमी झालं का, हे सांगता येणार नाही. तरी जिवाला धोका निर्माण केला हे पुरेसं आहे, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. मला ते पटतं. माझ्या लाइव्हमुळेही कुणी मेलं नव्हतं.

त्यानंतर २०१५मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत दुरुस्ती झाली. दहशतवादविरोधी कारवाईचं थेट प्रक्षेपण करायचं नाही, कारवाई संपेपर्यंत नेमलेला अधिकारी अधूनमधून जे सांगेल तेवढंच द्यायचं. अनेकांना वाटतं, झालं, प्रश्न मिटला. मला तसं वाटत नाही. अधिकारी सांगेल तेवढंच खरं, हे मानायचं तर म्युनिकच्या रात्री कॉनराड आलर्स यांनी काय सांगितलं होतं ते आठवा. तो माणूस लबाडी करत होता असं नाही. त्यालाही कुणीतरी तसंच सांगितलं होतं. सरकारला घाई नसते असं समजू नका. चांगली बातमी असली की सरकारला आमच्यापेक्षा जास्त घाई असते.

शिवाय थेट दाखवायचं बंद केल्याने घाई काही बंद झाली नाही. मे २०२५मधल्या, भारत-पाकिस्तान संघर्षाच्या त्या रात्री आठवतात ना? कारवाईचं थेट प्रक्षेपण करायला मनाई होती. मग काय केलं? कराचीचं बंदर उद्ध्वस्त केलं. स्टुडिओत बसून, नकाशावर, सगळं ओरडून. सकाळी त्यातलं काहीच झालेलं नव्हतं. कार्यक्रमांत हवाई हल्ल्याचा भोंगा वाजवू नका, अशी सूचना सरकारला १० मेला काढावी लागली. आमच्या गल्लीतल्या एका मावशींनी तो भोंगा ऐकून घरातले दिवे घालवले होते. सीमेपासून शेकडो किलोमीटरवर, जळगावात. भोंगा त्यांच्याच टीव्हीतून येत होता.

आणि नियम फक्त वाहिन्यांना आहे. आता कंट्रोल रूम प्रत्येकाच्या खिशात आहे, हे वाक्य सगळे म्हणतात, पण खान्देशात ते म्हणताना जीभ जड झाली पाहिजे. १ जुलै २०१८, रविवार, साक्री तालुक्यातलं राईनपाडा, बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले, भिक्षा मागायला आलेले. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज आठवड्यांपासून व्हॉट्सॲपवर फिरत होते. त्या पाचांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकलं. मारतानाची शूटिंगं लोकांनीच केली. मला या प्रकरणात एक गोष्ट कायम खटकते आणि त्याच वेळी माझ्या मुद्द्याला धरून ठेवते: मेसेज ज्या फोनवरून पसरला, तसल्याच फोनवर झालेल्या शूटिंगमुळे मारणाऱ्यांचे चेहरे पोलिसांना ओळखता आले. म्हणजे फोन तोच. पुढे ढकलला तेव्हा पाच जीव गेले, आणि नोंद ठेवली ती तपासाला उपयोगी पडली. म्हणून म्हणतो, कॅमेरा बंद करा म्हणू नका.

मित्राला मी हे सांगत होतो तेव्हा त्याने मला अडवलं. "मोबाइलचं सोड," तो म्हणाला, "परधाड्याला कुठे मोबाइल होता?" २२ जानेवारी २०२५, पाचोरा तालुका, माहेजी आणि परधाडे स्टेशनांच्या मधली जागा. पुष्पक एक्स्प्रेसच्या डब्यात कुणीतरी आग लागली म्हणून ओरडलं. साखळी ओढली, लोक खाली उतरले, आणि शेजारच्या रुळावरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. डझनभर माणसं गेली. आग नव्हतीच. मित्राने आयुष्यभर त्या मार्गावर नोकरी केली, त्याचं म्हणणं असं की अफवेला यंत्र लागत नाही, आणि तू उगाच यंत्रावर राग काढतोस. थोडं खरं आहे त्याचं. पण मी त्याला म्हटलं, अरे, डबा एकच होता. ओरडणाऱ्याला एका डब्यातली माणसं ऐकत होती. आम्ही ओरडतो तेव्हा सगळी गाडी ऐकते, आणि शेजारच्या रुळावरची पण. तो काही बोलला नाही. पुन्हा सिनेमा लावला.

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतात. पहिला डेस्कवरचा: आपण थांबलो तर दुसरा दाखवेल. हे खोटं नाही. सिनेमातही उपग्रहाची वेळ आपल्याला की दुसऱ्या वाहिनीला, यावर हमरीतुमरी होते, आणि तिकडे माणसं ओलीस असतात. एकट्याने थांबणारा धंद्यात मरतो. म्हणून थांबायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवून. हे होऊ शकतं. जर्मनीतच झालं, अर्थात आणखी एकदा तोंड भाजल्यावर. ऑगस्ट १९८८मध्ये ग्लाडबेकला बँक लुटणाऱ्या दोघांनी ओलीस धरले, पुढे एक बस पळवली. कोलोनच्या भर बाजारपेठेत त्यांच्या गाडीभोवती पत्रकारांचं कोंडाळं. बंदूक मानेवर लावलेल्या मुलीला प्रश्न विचारले. एक पत्रकार तर त्यांना शहराबाहेरची वाट दाखवायला गाडीत जाऊन बसला. बसमधला चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा आणि अठरा वर्षांची ती मुलगी, दोघंही मेली. त्यानंतर तिथल्या प्रेस कौन्सिलने गुन्हा चालू असताना गुन्हेगाराची मुलाखत घ्यायची नाही हे आपल्या आचारसंहितेत घातलं. कायद्याने त्यांच्यावर लादलं नव्हतं. आपल्या तालुक्याच्या पत्रकार संघाला हे अवघड का वाटावं? आम्ही चहाचे पैसे कोण देणार हे ठरवतो, मंत्र्याच्या गाडीत कोण बसणार हे ठरवतो. पोलीस माणूस खाली आणेपर्यंत लाइव्ह नाही, रेकॉर्डिंग करायचं आणि उतरल्यावर सोडायचं, एवढं का ठरत नाही?

दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो. उशीर म्हणजे लपवाछपवीला वाव. पोलिसांनी लाठी चालवली, गोळी घातली, आणि तुम्ही म्हणता नंतर दाखवा. नंतर म्हणजे कधी? तोवर फोन जप्त झाले तर? वनजमिनीच्या मोर्च्यांत काम केलेल्या नंदुरबारच्या एका कार्यकर्त्याने मला तोंडावर सांगितलं, "भाऊ, आमच्याकडे लाइव्ह हेच वकीलपत्र आहे. लाइव्ह असलं की काठी खाली येते." त्याला उत्तर देताना मी अडखळलो. आजही थोडा अडखळतो. जिथे सत्ता मारणारी आहे आणि बघणारा डोळा हीच ढाल आहे, तिथे उशीर कशाला? तिथे लाइव्ह करा, मी असतो तर केलं असतं. पण जिथे कुणाचा तरी जीव दुसऱ्याच्या हातात आहे आणि तो दुसरा पडदा बघतोय, तिथे तोच डोळा शस्त्र होतो. दोन्हीत फरक करायला जागेवर उभ्या असलेल्या माणसाचं डोकं लागतं. दिल्लीहून निघालेला नियम तो फरक करू शकत नाही, आणि पोर्टलच्या ऑफिसात आकडा बघत बसलेला माणूस करणार नाही.

टाकीची गोष्ट मघाशी अर्धीच सांगितली. तो माणूस उतरला तो फौजदारांमुळे नाही. नायब तहसीलदार आले होते. त्यांनी खालून भोंग्यावर सांगितलं, सगळ्या गावासमोर, नाव घेऊन, की अनुदानाचा पहिला हप्ता पंधरा दिवसांत खात्यावर जमा होईल. माझ्या लाइव्हमध्ये ते शब्द न शब्द आले होते.

दोन वर्षांनी अमळनेरच्या बाजारात तो मला भेटला. पहिल्यांदा ओळखला नाही मी त्याला, जमिनीवर कधी पाहिलाच नव्हता ना. हप्ता आला नव्हता. साहेबांची बदली झाली होती, आणि नवे साहेब म्हणत होते, असं कुणी बोललंच नाही, कागद दाखवा. त्याने हातातली मेथीची जुडी बगलेत धरली आणि विचारलं, "तो व्हिडिओ शे ना भो तुमनाजोडे?"

पोर्टल तोवर बंद पडलं होतं, त्याचं पेजही गेलं होतं. लाइव्ह होतं ते, माझ्या फोनमध्ये मी काहीच ठेवलं नव्हतं.